प्रोजेक्ट गाल : पिल्लूच्या कोरड्या चेहऱ्याच्या नोंदी

१० डिसेंबर

शीट उघडलं आणि नाव दिलं 'प्रोजेक्ट गाल'. नवरा आधी हसला, मग पहिला फोटो त्यानेच टाकला.

आजची स्थिती लिहून ठेवते, म्हणजे नंतर "आधीपण असंच होतं ना गं" हा वाद नको. पिल्लू चौथ्या महिन्यात आहे. उजवा गाल खरखरीत, बोटाची मागची बाजू हलकेच फिरवली तर बारीक पॉलिश पेपर लागतो तसं लागतं. डावा गाल त्यामानाने बरा. खालच्या ओठाखाली आणि हनुवटीवर एक लालसर पट्टा आहे, तिथली कातडी ताणल्यासारखी चकचकीत दिसते. कपाळ ठीक, नाक एकदम स्वच्छ, कानामागे काही नाही, अंगावर काही नाही. दूध नीट पितेय, झोप तिच्या मर्जीप्रमाणे. ताप नाही, कुठे ओलं किंवा चिघळलेलं नाही.

घरात मोठी माणसं तीन आणि उपाय त्याहून जास्त, आणि प्रत्येकाचा उपाय आजच करायचाय. सगळं एकदम केलं तर कशाने फरक पडला आणि कशाने बिघडलं हे कळणारच नाही म्हणून नियम असा की एका वेळी एकच बदल, त्याला थोडे दिवस द्यायचे, रोज सकाळी त्याच खिडकीपाशी फ्लॅश न मारता फोटो. रात्रीच्या दिव्यात सगळंच लाल दिसतं आणि मग उगाच जीव खालीवर होतो. आणि नियमाला अपवादही आत्ताच लिहून ठेवते: त्वचा फुटली, पाणी यायला लागलं किंवा पिल्लू अस्वस्थ वाटलं तर प्रयोग बंद, सरळ डॉक्टर.

११ डिसेंबर

आधी हे नक्की आहे काय ते बघू. रात्रीच्या फीडला एका हाताने मोबाईल धरून वाचलेलं इथे टाकतेय, नीट क्रम नाही.

जन्मानंतर पहिल्या एक-दोन आठवड्यात बाळाची सालं निघतात, मनगट, घोटे, पोट, कधी चेहरापण. महिनोन्महिने पाण्यात राहिलेली त्वचा एकदम हवेत येते, त्यामुळे ते होणारच, त्याला काही करावं लागत नाही. ते आमचं कधीच उरकलं. नाकावरचे पांढरे बारीक दाणे, मिलिया, तेही आपोआप गेले. मग तिसऱ्या चौथ्या आठवड्याच्या आसपास काही बाळांच्या गालावर पुटकुळ्या येतात, बेबी अ‍ॅक्ने म्हणतात, त्याही आपोआप जातात आणि त्यावर जाड क्रीम, तेल थापायचं नसतं. टाळूवर, भुवयांमध्ये पिवळट तेलकट खवले धरतात ती क्रेडल कॅप, तिला सहसा खाज नसते. आमचं तेलकट अजिबात नाही, उलट.

उरले दोन. एक म्हणजे लाळेची रॅश, तोंडाभोवती, हनुवटीवर, मानेच्या वळ्यांमध्ये. तिसऱ्या महिन्यानंतर लाळ वाढते त्यामुळे वेळही जुळतेय. दुसरा एक्झिमा, म्हणजे त्वचा कोरडी पडून खाजरे चट्टे येणं, तो बऱ्याचदा दोन ते सहा महिन्यांच्या मध्ये सुरू होतो, या वयात गाल, कपाळ, डोकं इथे जास्त, आणि त्यात नाक बहुतेक सुटतं. डायपरची जागाही सुटते कारण तिथे ओलावा असतो. नाक स्वच्छ आहे हे काल मी कौतुकाने लिहिलं होतं, आज तेच वाचून पोटात गोळा आला.

पण फरक ओळखायची मोठी खूण म्हणजे खाज. एवढ्या लहान बाळाला हाताने नीट खाजवता येत नाही, ते तोंड गादीवर, आपल्या खांद्यावर घासतं, चिडचिडं होतं, झोपेतून उठतं. पिल्लू अजून तसं करत नाही. शीटमध्ये 'घासते का?' असा कॉलम वाढवला.

अजून एक. बहुतेक ठिकाणी 'लाल चट्टे बघा' असंच लिहिलेलं असतं, पण सावळ्या किंवा गव्हाळ रंगावर लाली नीट दिसत नाही, चट्टा तपकिरी, जांभळट, राखाडी दिसू शकतो. म्हणून डोळ्यापेक्षा बोटावर जास्त विश्वास. फोटोशेजारी 'स्पर्श' असा कॉलम, त्यात तीनच शब्द चालतील: मऊ, कोरडं, खरखरीत.

१३ डिसेंबर

काल दिवसभर फक्त एवढंच बघत बसले की तिच्या चेहऱ्याला काय काय लागतं. अख्ख्या प्रोजेक्टमधलं सगळ्यात कामाचं काम हेच निघालं असं मला वाटतंय.

लाळ आली की ओल्या फडक्याने पुसलं. दूध ओघळलं की पुसलं. शी बदलताना वाइप हातात होता म्हणून जाता जाता गालपण पुसला. आंघोळीला बेबी सोप, तो तोंडालाही. पाहुणे आले त्यांनी गालगुच्चा घेतला, मग पाहुणे गेल्यावर पुन्हा पुसलं. मोजणं मी दुपारीच सोडून दिलं. चेहऱ्यावर क्रीम कुठलं लावायचं यावर आम्ही तासभर बोललो होतो आणि चेहऱ्यावरून दिवसभर काय काय काढून टाकतोय यावर एक अक्षर नाही.

बाळाच्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर मोठ्यांपेक्षा साधारण ३० टक्के पातळ असतो. पाणी पटकन शोषतो आणि तितक्याच पटकन सोडतो. त्यात पाणी धरून ठेवणारे नैसर्गिक घटकही मोठ्यांच्या मानाने कमी. जन्माच्या वेळी त्वचेचा पीएच (आम्ल की अल्कली याचं माप, सात म्हणजे न्यूट्रल) साधारण न्यूट्रलच्या आसपास असतो, नंतरच्या काही आठवड्यात तो खाली येऊन साडेपाचच्या आसपास आम्लधर्मी होतो आणि ते आम्लधर्मी असणं हेच तिचं संरक्षण आहे. साध्या साबणाचा पीएच नऊ-दहा. म्हणजे त्वचा बिचारी एकीकडे जायचा प्रयत्न करतेय आणि आपण रोज उलट्या बाजूला ओढतोय. लाळेचं वेगळंच, लाळेत पचनाची एन्झाइम्स असतात, ती कातडीवर तशीच राहिली तर चुरचुरतं, आणि ती पुसताना फडकं घासलं की वरचा थर अजून सोलला जातो. ओलं, कोरडं, घासलं, परत ओलं. हनुवटीचा तो चकचकीत पट्टा ह्याचाच.

बदल नंबर एक: चेहऱ्याला साबण बंद. वाइप्स फक्त खालच्या मजल्यासाठी. चेहरा दिवसातून एकदा कोमट साध्या पाण्याने, बाकी वेळेला जिथे दूध किंवा लाळ आहे तेवढीच जागा, मऊ सुती फडक्याने.

आईंना (सासूबाई) सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अगं मग लाळ तशीच ठेवायची का तोंडावर?"

"तशी नाही ठेवायची आई, टिपायची. पुसायची नाही."

त्यांनी फडकं हातात घेऊन स्वतःच्या हनुवटीवर आधी पुसून बघितलं, मग टिपून बघितलं. म्हणाल्या, "हं." त्यानंतर घरात सगळ्यात छान टिपतात त्या आईच, नवऱ्याला अजून जमत नाहीये, तो गाडीची काच पुसल्यासारखं करतो.

१६ डिसेंबर

साबण आणि पुसणं बंद केल्यावर हनुवटी शांत झाली, चकाकी कमी आहे. उजवा गाल 'खरखरीत'च. म्हणून बदल नंबर दोन, मॉइश्चरायझर.

आज लेबलं वाचण्यात संध्याकाळ गेली. समजलं ते असं की लोशन म्हणजे जास्त पाणी, पटकन पसरतं आणि पटकन उडतं. क्रीम त्याहून दाट. ऑइंटमेंट म्हणजे जवळजवळ सगळा तेलकट बेस, चिकट, पण पाणी आत कोंडून ठेवायला सगळ्यात भारी आणि त्यात प्रिझर्व्हेटिव्ह कमी लागतात त्यामुळे चुरचुरतही कमी. साधी पेट्रोलियम जेली याच गटातली. ती स्वतः ओलावा देत नाही, फक्त वर झाकण घालते, त्यामुळे एकदम कोरड्या गालावर थापण्यापेक्षा किंचित ओलसर त्वचेवर लावायची. ग्लिसरीन पाणी ओढून धरतं, सेरामाइड हे त्वचेतल्या पेशींच्या मधल्या सिमेंटचाच भाग.

'बेबी' लिहिलं म्हणजे झालं असं नाही, उलट बेबी प्रॉडक्टमध्येच वास जास्त घालतात कारण आपल्यालाच तो आवडतो. 'अनसेंटेड' आणि 'फ्रॅग्रन्स-फ्री' हे एकच नाही, अनसेंटेडमध्ये मूळचा वास लपवायला दुसरं सुगंधी द्रव्य घातलेलं असू शकतं. आपल्याला फ्रॅग्रन्स-फ्री हवं. 'हायपोअ‍ॅलर्जेनिक' (अ‍ॅलर्जीची शक्यता कमी) या शब्दाला अमेरिकेच्या एफडीएकडेही, म्हणजे तिथल्या औषध-प्रसाधनं नियामकाकडेही, ठरलेलं मापदंड नाही, कंपनी म्हणेल ते. मिथाइलआयसोथायझोलिनोन हे लांबलचक नाव दिसलं तर खाली ठेवायचं, हे प्रिझर्व्हेटिव्ह अ‍ॅलर्जीसाठी इतकं बदनाम झालं की युरोपियन युनियनने लावून ठेवायच्या क्रीम-लोशनमध्ये २०१७ पासून त्यावर बंदी घातली. युरिया, सॅलिसिलिक अ‍ॅसिड वगैरे मोठ्यांच्या कोरड्या टाचांसाठी चांगलं, बाळाच्या तोंडाला नाही.

ठरलं: गालाला दाट फ्रॅग्रन्स-फ्री क्रीम, ग्लिसरीन आणि सेरामाइडवालं, ट्यूबमधलं. डबा नको, डब्यात सगळ्यांची बोटं जातात. हनुवटीला साधी जेली. आज हाताच्या आतल्या बाजूला ठिपका लावून ठेवलाय, एक-दोन दिवस बघू मग चेहरा.

१७ डिसेंबर

हाताला काही झालं नाही. उद्या अजून बघते.

तेलाचा विषय निघालाच. आई म्हणाल्या क्रीमपेक्षा तेल बरं, नैसर्गिक असतं. मी आधी हो म्हणणारच होते कारण मलाही तसंच वाटायचं. पण वाचलं तर २०१३ मध्ये छापून आलेला एक अभ्यास आहे, मोठ्या माणसांवर केलेला, त्यात ऑलिव्ह ऑइलने त्वचेचा वरचा थर उलट कमकुवत झाला, सूर्यफुलाच्या तेलाने तसं झालं नाही. कारण ऑलिव्हमध्ये ओलेइक अ‍ॅसिड जास्त, ते त्वचेतल्या चरबीच्या थरांची रचना विस्कटतं, सूर्यफुलात लिनोलेइक जास्त. मग नवजात बाळांवर मँचेस्टरला अभ्यास झाला, २०१५ मध्ये आला, ऑलिव्ह, सूर्यफूल आणि काहीच नाही असे तीन गट. तेल लावलेल्या दोन्ही गटांत त्वचेत पाणी थोडं जास्त राहिलं, पण ते चरबीचे थर जसे नीट रचले जायला हवेत तसे कमी रचले गेले.

म्हणजे तेल विष आहे असं नाही, पण खरखरीत झालेल्या गालावर तरी नको. आईंना एवढं सगळं सांगितलं नाही, म्हणलं अंगाला तुम्ही ठरवा, तोंडाला हात लावायचा नाही. त्या म्हणाल्या बरं, तोंड तुझं.

२० डिसेंबर

क्रीम सुरू. लावायची पद्धत लिहून ठेवते कारण तिघांची पद्धत तीन तऱ्हेची होती.

हात धुवायचे, नखं कापलेली हवीत (आपलीपण, तिचीपण). क्रीम आधी आपल्या बोटांवर जरा कोमट करायचं, गार लागलं की ती ओठ बाहेर काढून जो चेहरा करते त्यानंतर अर्धा तास कोणी काही लावू शकत नाही. प्रत्येक गालावर दोन-तीन ठिपके ठेवायचे आणि नाकाकडून कानाकडे, लव ज्या दिशेने आहे त्या दिशेने, चोळायचं नाही, नुसतं सरकवायचं. थोडी चमक राहिली पाहिजे. पूर्ण जिरेपर्यंत घासत बसलं तर ते परत पुसण्यासारखंच झालं. गालाला बोट लागलं की तिला वाटतं दूध आलं, मान वळते, तोंड उघडतं आणि आपलं बोट थेट ओठांवर, त्यामुळे भुकेच्या वेळी क्रीम लावायचं नाही, पोट भरल्यावर लावायचं. डोळे आणि नाकपुड्यांपासून लांब.

जेलीचं मात्र उलट. हनुवटी आणि तोंडाभोवती जेली दूध पाजायच्या आधी, झोपवायच्या आधी, अगदी पातळ. लाळ त्यावरून घसरून जाते, कातडीपर्यंत पोचतच नाही. रॅश आल्यावर लावण्यापेक्षा लाळ येण्याआधी लावलेली जेली कितीतरी जास्त काम करते, हा माझा अनुभव नाही नुसता, फोटोंमध्ये दिसतंय.

आंघोळीतही बदल केला, हो एका वेळी एकच बदल म्हणलं होतं पण हे क्रीमबरोबरच येतं. पाणी ३७-३८ डिग्री, थर्मामीटर नसेल तर मनगट किंवा कोपर बुडवून बघायचं, गरम नाही, कोमट लागलं पाहिजे. पाच ते दहा मिनिटांत बाहेर. टॉवेलने टिपायचं, आणि अंगात ओलसरपणा आहे तोवर, दोन-तीन मिनिटांच्या आत, क्रीम. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या म्हणण्याप्रमाणे पहिल्या वर्षात आठवड्यातून तीनदा आंघोळ पुरते. पण पिल्लूला पाणी आवडतं, आंघोळीनंतर झोपही छान लागते, म्हणून रोजची ठेवली, छोटी केली. छोटी आंघोळ आणि लगेच क्रीम याने त्वचा बिघडत नाही.

२४ डिसेंबर

स्पर्श: डावा गाल मऊ. हनुवटी मऊ. उजवा गाल कोरडं ते खरखरीत. एकच क्रीम, एकच पाणी, एकच बाळ, मग उजवा गालच का?

नवऱ्याने फोटो ओळीने लावून बघितले आणि म्हणाला उजवा गाल कशाला लागतो ते बघ. मग दिवसभर तेवढंच. ढेकर काढायला आम्ही सगळेच तिला डाव्या खांद्यावर घेतो, उजवा हात पाठीवर थापायला मोकळा हवा म्हणून, आणि तिथे तिचा उजवाच गाल कपड्यावर टेकतो. नवऱ्याचा लोकरी स्वेटर. माझा कुर्ता, त्यावर सुकलेलं दूध आणि सुगंधी सॉफ्टनर. आणि झोपतेही उजव्या कुशीकडे मान करून, कारण दार त्या बाजूला आहे आणि माणसं दारातून येतात. त्या जागी चादर लाळेने कायम ओली. बरं खांद्यावर टेकल्यावर नवऱ्याची दाढीपण तिथेच येते, खुंट वाढलेली.

बदल: खांद्यावर कायम धुतलेलं मऊ सुती दुपटं, त्यावर गाल. तिच्या आणि आमच्या रोजच्या कपड्यांना सॉफ्टनर बंद, फ्रॅग्रन्स-फ्री डिटर्जंट, जास्तीचं एकदा खळबळणं. झोपवताना पाठीवरच, पण डोकं पलंगाच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे दार डावीकडे येतं. चादर ओली झाली की लगेच बदलायची. नवरा दाढी करेल म्हणाला. बघू.

२८ डिसेंबर

उजवा गाल बराच सुधारला, 'कोरडं' पण खरखरीत नाही. दाढी दोनदा झाली.

खोलीतल्या हवेचं: आर्द्रता मोजायचं छोटं मीटर ठेवलं, तिशीच्या खाली दाखवतंय. ह्युमिडिफायर (हवेत ओलावा सोडणारं यंत्र) लावून चाळीस-पन्नास टक्क्यांपर्यंत आणतोय, साठच्या वर नको, मग बुरशी आणि धुळीतल्या किड्यांचं फावतं. टाकी रोज रिकामी करून धुवायची नाहीतर तीच बुरशी हवेत. हीटर किंवा एसीचा झोत तिच्या तोंडावर यायला नको, बस.

जड पाण्याचंही (क्षार जास्त असलेल्या) वाचलं. जड पाणी असलेल्या भागांत एक्झिमा जास्त दिसतो, पण एक्झिमा असलेल्या मुलांच्या घरी पाणी मऊ करायचं यंत्र बसवून ब्रिटनमध्ये चाचणी घेतली तेव्हा एक्झिमात काही फायदा दिसला नाही (२०११). ते यंत्र यादीतून काढलं.

२ जानेवारी

आज नियमातला अपवाद लागू.

दोन रात्री नीट झोपली नाही. खांद्यावर घेतलं की कपाळ इकडून तिकडे घासते, 'घासते का?' कॉलममध्ये पहिल्यांदा 'हो'. कपाळावर आणि दोन्ही गालांवर चट्टे, बारीक उंचवटे असलेले, मधे कातडी सोललेली. लाल दिसत नाहीत, तपकिरी दिसतात. नाक स्वच्छ. ओलं नाही, ताप नाही. दुपारी डॉक्टरांकडे गेलो.

सौम्य एक्झिमा. त्यांनी फोटो बघितले, पाठ, कोपर, गुडघे, कानामागे सगळं बघितलं. कमी ताकदीचं स्टिरॉइड, एक टक्का हायड्रोकॉर्टिसोन, दिवसातून एकदा, थोडेच दिवस, फक्त चट्ट्यावर, डोळ्याजवळ नाही. मी स्टिरॉइड ऐकूनच मागे सरकले तर म्हणाल्या, घाबरून अर्धवट लावलं तर चट्टा अर्धवट बरा होतो आणि परत येतो, मग जास्त दिवस लावावं लागतं. माप सांगितलं: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, ती आपल्या बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. आपल्या चट्ट्यांना त्यातला छोटासा भाग. मॉइश्चरायझर आणि हे एकदम नाही, मधे अर्धा तास. आणि घरात दुसऱ्या कोणासाठी आणलेली ट्यूब कधीच नाही, बाळाच्या वजनाच्या मानाने त्वचेचं क्षेत्रफळ जास्त असतं त्यामुळे औषध अंगात जास्त शोषलं जातं, आणि चेहऱ्याची त्वचा आधीच पातळ.

मी विचारलं माझ्या खाण्यातलं काही बंद करू का. म्हणाल्या नाही, वजन छान वाढतंय, उलट्या नाहीत, शीमध्ये रक्त नाही, उगाच पथ्य नको. चट्टे उपचाराला दादच देत नसतील तर पुढे बघू.

घरी येताना डोक्यात एकच, जन्मापासून रोज मॉइश्चरायझर लावलं असतं तर हे झालंच नसतं का. रात्री शोधलं. यावर मोठी चाचणी झालेली आहे, ब्रिटनची, बीप नावाची, १,३९४ बाळं, निकाल २०२० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात. घराण्यात अ‍ॅलर्जी-एक्झिमा असलेल्या बाळांना वर्षभर रोज मॉइश्चरायझर लावून एक्झिमा टळला नाही, त्वचेचे संसर्ग मात्र थोडे जास्त दिसले. म्हणजे झालेल्या कोरडेपणावर मॉइश्चरायझर हाच मुख्य उपाय, पण आधीपासून थापून एक्झिमा अडवता येत नाही. नवऱ्याला उठवून वाचून दाखवलं. तो "बरं झालं" म्हणून परत झोपला, मी पण.

५ जानेवारी

फ्रिजवर चिकटवलेला कागद इथेही टाकते, आई दिवसा एकट्या असतात म्हणून मोठ्या अक्षरात लिहिलाय.

चट्ट्यातून पाणी येतंय, मधासारखी पिवळी खपली धरतेय, पू, आजूबाजूला गरम आणि सूज, तर त्याच दिवशी डॉक्टर, संसर्ग असू शकतो. बारीक फोड किंवा टाचणीने टोचल्यासारख्या एकसारख्या जखमांचा पुंजका दिसला, दुखतंय असं वाटलं, ताप किंवा मलूल, तर थांबायचंच नाही, तसंच उठून हॉस्पिटल, रात्र असली तरी. तो हर्पीसचा विषाणू एक्झिमावर पसरल्याचा प्रकार असू शकतो. त्यामुळेच ओठावर 'जर' (याच विषाणूचे फोड) आलेल्या कोणीही पिल्लूची पापी घ्यायची नाही, घरचं असो की पाहुणा. नाक-डोळे सुजले, ओठ सुजले, श्वासाला त्रास, तेही लगेच.

"पाहुण्यांना असं तोंडावर कसं सांगणार," आई म्हणाल्या. मग त्यांनीच मार्ग काढला, पाहुणा आला की म्हणतात डॉक्टरीणबाईंनी पापी बंद केलीय. चालतंय.

१० जानेवारी

स्टिरॉइड बंद, सांगितल्याप्रमाणे. कपाळ सपाट, उंचवटे गेले, घासणं थांबलं, झोप परत आली. गालावर दोन फिकट डाग राहिलेत, आजूबाजूच्या रंगापेक्षा हलके. सूज ओसरल्यावर त्वचेचा रंग काही काळ असा फिका राहतो, हळूहळू भरून येतो, त्यावर वेगळं काही लावायचं नाही. फिकट डाग म्हणजे औषधाने गोरं केलं असा एक पाहुणा निष्कर्ष ऐकायला मिळाला, शीटमध्ये नोंदवला नाही.

क्रीमचं प्रमाण तेच ठेवलंय, चट्टे गेले म्हणून कमी केलं नाही. दुपटी आणि चादरी क्रीमने तेलकट होतात, त्या लवकर लवकर धुतोय. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०१८ मध्ये इशाराच दिलाय, अशी क्रीम्स मुरलेला कपडा ठिणगी लागली तर साध्या कपड्यापेक्षा झटकन पेट घेतो, आणि धुतल्यावरही सगळं निघत नाही. त्यामुळे दुपटं खांद्यावर असताना गॅसजवळ कोणी जायचं नाही. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं.

१९ जानेवारी

स्पर्श: सगळीकडे मऊ. हनुवटीवर सकाळी हलकी लाली, दुपारपर्यंत जाते.

लाळेचा मात्र नळ सुटलाय, मूठ अख्खी तोंडात. लाळेरी वाढवली, आतून शोषणारी, ओलं झालं की बदल, ओलं लाळेरं गळ्याशी तसंच राहिलं तर रॅश मानेत उतरते. झोपताना लाळेरं काढायचंच, गळ्याभोवती काही नको. चोखणी दिली तर काढल्यावर तिच्याखालची गोल ओली जागा टिपायची, तिथे लाळ अडकून बसते.

बाहेर नेताना गार वारा असेल तर निघायच्या आधी गालांना जेलीचा पातळ थर. ऊन असेल तर सावली, टोपडं आणि गाडीचं छत, सहा महिन्यांच्या आत सनस्क्रीनच्या आधी हेच.

फोटो आता रोज काढत नाही, 'घासते का?' कॉलम तेवढा रोज भरायचा. नवऱ्याने खांद्यावरच्या दुपट्यांचा गठ्ठा दाराशी ठेवलाय, कामावरून आला की बूट काढायच्या आधी दुपटं घेतो.

पुढचं काम: सहाव्या महिन्याच्या आसपास भरवणं सुरू होईल, तेव्हा भरवायच्या आधी तोंडाभोवती जेली, नंतर पाण्याने टिपणं, हे आत्ताच लिहून ठेवलं. आणि नवीन टॅब उघडला, 'मान'. डाव्या वळीत आज ओलसर लाल रेघ दिसली, उद्या उजेडात वळी उघडून फोटो काढायचा, आधी नीट कोरडी करून.